मुलांचे बाण सारखे डावीकडे का जातात? लहान धनुर्धरांसाठी बाण निवडताना होणाऱ्या चुका आणि त्यांचे निवारण

मैदानावर दर काही आठवड्यांनी तीच तक्रार नव्या तोंडून ऐकू येते. मूल सहा-आठ महिने नियमित सरावाला येत असते, उभे राहणे नीट असते, धनुष्य धरलेला हात आता थरथरत नाही, तरीही बाण एकाच बाजूला जातात, लक्ष्यात तिरके घुसतात किंवा दहा मीटरवरही खाली जमिनीत जातात. पालक म्हणतात, मुलाचे लक्ष नाही. मूल काहीच म्हणत नाही आणि पुढच्या महिन्यापासून त्याचे येणे बंद होते. मुलांचे बाण तपासणे, नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीवर बसणारा खाचेचा भाग) बदलणे आणि पिसे पुन्हा चिकटवणे हे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि यातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत मला एकच गोष्ट आढळली आहे, ती म्हणजे त्यांच्या हातातला बाण त्यांच्यासाठी निवडलेलाच नसतो. तो मोठ्या भावाचा जुना बाण असतो, क्लबच्या पेटीतला उरलेला असतो किंवा दुकानदाराने ‘सगळ्यांना चालतो’ म्हणून दिलेला असतो.

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्लिनला कंपाउंड (चाके असलेल्या धनुष्याच्या) प्रकारात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये विजेता ठरला. तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन येणारे पालक वाढले आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण हे पालक धनुष्याची चौकशी तासभर करतात आणि बाणाची दोन मिनिटांत उरकतात. धनुष्य थोडे कमी-जास्त असले तरी मूल त्याच्याशी जुळवून घेते. चुकीच्या बाणाशी मात्र त्याला जुळवून घेता येत नाही, कारण बाण दोरीवरून सुटल्यानंतर त्याच्या हातात काही उरलेले नसते.

दोष बाणाचा की हाताचा?

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हे ठरवणे आवश्यक आहे आणि त्यासाठी एक वही आणि एक मार्कर पुरतो. सहा बाणांच्या पिसांजवळ १ ते ६ असे आकडे घालावेत. मुलाने सहा बाणांच्या पाच फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर पालकाने वहीत लक्ष्याचे वर्तुळ काढून कोणता आकडा कुठे लागला ते लिहावे. या तीस बाणांमध्ये मुलाला काहीही सुचवू नये, कारण सूचना मिळाली की मूल काहीतरी बदलते आणि नोंद निरुपयोगी होते.

चार नंबरचा बाण पाचही फेऱ्यांत इतरांपासून लांब जात असेल, तर त्या बाणात दोष आहे. त्याचे नॉक तिरके बसले असेल, पीस सुटत आले असेल किंवा शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, वाकली असेल. सगळेच आकडे प्रत्येक वेळी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील, तर ते सरावाचे काम आहे आणि नवे बाण आणून त्यात फरक पडणार नाही. सहाही बाण जवळजवळ लागत असतील पण ती सगळी जागाच मध्यापासून एका बाजूला सरकलेली असेल, तर मूल आपले काम चोख करते आहे आणि बाण, धनुष्य किंवा डोळा यांपैकी एकाचे गणित चुकलेले आहे. तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळ मुले या तिसऱ्या प्रकारातली असतात आणि त्यांनाच घरी सर्वांत जास्त बोलणी बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

लांबी: इथे तडजोड नाही

बाण आखूड असण्याचा प्रश्न नेमबाजीचा नाही, हाताचा आहे. मुलाने दोरी पूर्ण खेचल्यावर बाणाचे टोक धनुष्याच्या पुढच्या कडेच्याही पुढे राहिले पाहिजे. ते मागे आले तर बाण रेस्टवरून (धनुष्यावरच्या बाण टेकवायच्या आधारावरून) घसरून धनुष्य धरलेल्या हातावर किंवा रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, मागच्या बाजूवर टेकतो आणि त्याच क्षणी दोरी सुटली तर शाफ्ट फुटून तिचे तुकडे हातात घुसू शकतात. कार्बनचे तुकडे सुईसारखे बारीक असतात आणि ते काढणे डॉक्टरांनाही सोपे नसते. त्यामुळे आखूड बाण ‘तेवढ्यापुरता’ वापरायलाही देऊ नये.

मुलाची खेच, म्हणजे ड्रॉ लेंथ, काढण्याचा ढोबळ मार्ग असा की दोन्ही हात बाजूला पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. १३२ सेंटिमीटर पसरलेल्या हातांना सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २१ इंच खेच येते. हा आकडा दुकानात जाण्यापुरता ठीक आहे. खरे माप मात्र मैदानावरच घ्यावे. अगदी हलके धनुष्य आणि मुद्दाम लांब बाण मुलाला द्यावा, त्याने नेहमीच्या जागी, हनुवटीखाली किंवा ओठांच्या कोपऱ्याशी, दोरी आणावी आणि बाजूला उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने धनुष्याची पुढची कड बाणाला जिथे भिडते तिथे पेनाने खूण करावी. अशा पाच-सहा खुणा घ्याव्यात आणि त्यांतली सर्वांत लांबची खूण धरावी, सरासरी धरू नये. थकलेले मूल कमी खेचते आणि कौतुक ऐकले की जास्त खेचते, त्यामुळे धोका नेहमी सर्वांत लांबच्या खुणेशी असतो.

त्या खुणेत दोन ते तीन इंच मिळवून येणारी लांबी बाणासाठी घ्यावी. बाणाची लांबी नॉकच्या खाचेच्या तळापासून शाफ्टच्या शेवटापर्यंत मोजतात आणि पुढचा धातूचा पॉइंट त्यात धरत नाहीत. दुकानात माप सांगताना हा फरक स्पष्ट करून घ्यावा.

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतात आणि बाणाच्या लांबीला हा शहाणपणा पूर्ण लागू पडतो. सहा ते दहा वर्षांचे मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होते, हातांचा पसारा उंचीच्या आसपासच असतो, म्हणजे खेच वर्षाला एक इंचाच्या आतबाहेर वाढते. वयात येताना उंची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही वाढते आणि तेव्हा खेच दीड इंचाने पुढे जाते. त्यात मुलाचा पवित्रा सुधारला, खांदे नीट उघडू लागले, की आणखी अर्धा-एक इंच भर पडते. तीन इंच जास्त घेतलेला बाण म्हणून लहान मुलाला वर्ष-दीड वर्ष सहज चालतो. मात्र टोक धनुष्याच्या पुढे एक इंचापेक्षा कमी उरले की तो बाण बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

वाढत्या अंगाचे धनुष्य मात्र कधीही घेऊ नये. ‘पुढे ताकद येईलच’ म्हणून २४-२६ पाउंडांचे, म्हणजे दोरी खेचायला तेवढा जोर लागणारे, धनुष्य आणले की मूल खांदा वर उचलून, पाठ वाकवून ते कसेबसे खेचते, ती सवय अंगात मुरते आणि ती मोडायला नंतर दोन वर्षे लागतात.

ताठ बाणाची ओळख

आता सर्वांत जास्त घोटाळ्याच्या विषयाकडे वळतो. बाण सुटताना सरळ राहत नाही. बोटांवरून दोरी किंचित बाजूला घसरते, मागून जोर येतो, शाफ्ट धनुष्याच्या कडेला वळसा घालावा तशी आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला लवते आणि काही मीटर अशी मासोळीसारखी हलत गेल्यावर पिसांमुळे स्थिर होते. हे लवणे किती असावे ते शाफ्टच्या ताठपणावर ठरते आणि त्या मापाला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट आडवी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगले असता ती जितकी खाली झुकते, ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. एक इंच झुकली तर स्पाइन १०००, अर्धा इंच झुकली तर ५००. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण नरम. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे हमखास उलटे वाटते आणि ‘जास्त नंबर म्हणजे जास्त मजबूत’ असे समजून चुकीची खरेदी होते.

मोठ्या माणसांच्या धनुष्यांना ५०० ते ८०० स्पाइनचे बाण लागतात. लहान मुलाच्या हलक्या धनुष्यात असा बाण लवतच नाही. तो रायझरच्या कडेला घासतो, उजव्या हाताने दोरी खेचणाऱ्या मुलाचा बाण डावीकडे फेकला जातो आणि लक्ष्यात घुसताना टोक डावीकडे, शेपूट उजवीकडे अशा तिरक्या अवस्थेत राहतो. बाण गरजेपेक्षा नरम असेल तर हे सगळे उलट होते. डाव्या हाताने खेचणाऱ्या मुलांसाठी दोन्ही दिशा बदलून वाचाव्यात.

मागच्या पावसाळ्यानंतरची एक गोष्ट सांगतो. नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. आई म्हणाली, ‘सर, हिचं ध्यानच नसतं. सगळे बाण डावीकडे. किती सांगितलं तरी तेच.’ मी म्हटले, ‘ताई, आधी बाण बघू.’ मुलीने भात्यातून बाण काढून दिला. काळा कार्बनचा, चकचकीत, २६ इंचांचा, चुलतभावाने वापरून सोडलेला. त्याचे पिवळे पीस बोटात धरून उजेडाकडे नेले तर त्याची बाहेरची कड दातऱ्या सुरीने चाटल्यासारखी झिजलेली होती आणि तिच्या धनुष्याच्या निळ्या रायझरवर, रेस्टच्या थोडे वर, नखाएवढा पिवळसर ओरखडा होता. त्या पिसांच्या कडेला आईच्या पर्समधली लिपस्टिक पुसटशी लावून तीन बाण मारायला सांगितले. तिन्ही वेळा रायझरवर लाल रेघ उमटली. मुलीने ती रेघ बोटाने पुसून पाहिली आणि आईकडे बघितले. आई काही बोलली नाही, पण तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

बाणावर स्पाइनचा आकडा पुसून गेलेला असेल तर तो घरी काढता येतो. त्या मुलीच्या बाणाचा आम्ही असाच काढला. पाण्याची एक लिटरची बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, बाटली, पाणी आणि टांगायचा दोरा मिळून ८८० ग्रॅम होईल इतके पाणी भरले. मुलांचे बाण २८ इंचांच्या आधारांवर बसत नाहीत, म्हणून दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये २२ इंच अंतर ठेवले आणि बाण असा ठेवला की मागचा आधार नॉक आणि पिसे यांच्यामधल्या उघड्या जागेत येईल. बाटली मध्यभागी टांगण्यापूर्वी आणि टांगल्यानंतर जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजली. फरक साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास आला. झुकणे हे आधारांतल्या अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २२ इंचांवरचे माप सुमारे दुप्पट केले की २८ इंचांवरचे मिळते. म्हणजे जवळजवळ १८ मिलिमीटर, आणि २५.४ मिलिमीटरला १००० या हिशेबाने स्पाइन झाली ७००.

मग तिच्या धनुष्याचा खरा ताण मोजला. धनुष्यावर २० पाउंड लिहिलेले होते, पण तो आकडा २८ इंच खेचीसाठी असतो आणि ही मुलगी जेमतेम २१ इंच खेचत होती. प्रवासाच्या बॅगा मोजायचा आकड्याचा काटा दोरीला अडकवून ती तिच्या खेचीच्या खुणेपर्यंत मोठ्या माणसाने ओढली, तेव्हा काट्याने ५.८ किलो दाखवले. किलोला २.२ ने गुणले की पाउंड मिळतात, म्हणजे तेरा पाउंडांपेक्षाही कमी. इतक्या ताणाला ७०० चा बाण म्हणजे लोखंडाची सळईच. तिला २४ इंचांचे, १८०० स्पाइनचे हलके बाण मिळवून दिले. पहिल्या दिवशीच सगळे बाण मध्यावर आले असे मी म्हणणार नाही, परंतु तिरके घुसणे लगेच थांबले आणि डावीकडचा पुंजका दोन आठवड्यांत लाल वर्तुळाजवळ सरकला.

माझ्या हिशेबाने प्रत्यक्ष ताण १० ते १६ पाउंड आणि बाण २२ ते २५ इंच असेल तर १६०० ते २००० च्या दरम्यानची स्पाइन पाहावी, आणि ताण १६ ते २० पाउंड, बाण २५ ते २७ इंच असेल तर १२०० ते १५०० च्या आसपासची. बाण बनवणाऱ्या कंपन्यांचे तक्ते असतात आणि शेवटचा निर्णय त्यांवरूनच घ्यावा, पण तक्त्यात धनुष्यावर छापलेला आकडा न घालता काट्याने मोजलेला आकडा घालावा. दोन स्पाइनमध्ये मन अडले तर नरम बाण घ्यावा. मूल वाढेल, ताण वाढेल, तसा तोच बाण अधिकाधिक नरम वागू लागेल हे खरे, पण ताठ बाणाने रायझरला घासत काढलेले सहा महिने मुलाचा धीर खचवतात. शिवाय बाण थोडा लांब ठेवला की तो आपोआप नरम वागतो, त्यामुळे लांबीच्या बाबतीत सुरक्षिततेसाठी दिलेली सवलत इथेही उपयोगी पडते. हातातले बाण किंचितच ताठ असतील, तर ते न कापता पूर्ण लांबीचे वापरणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

बांबूच्या धनुष्यावर शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. आपल्याकडे इंडियन राउंडमुळे (बांबूच्या धनुष्याच्या देशी स्पर्धाप्रकारामुळे) पुष्कळ मुलांची सुरुवात बांबूच्या धनुष्याने होते. आधुनिक रायझरला बाण मध्यरेषेवर यावा म्हणून खाच असते, बांबूच्या धनुष्यात बाणाला जवळजवळ संपूर्ण जाडीला वळसा घालावा लागतो. म्हणून तेवढ्याच ताणाला बांबूच्या धनुष्यावर आणखी नरम बाण लागतो. बांबूवर छान जाणारे बाण रिकर्व्हवर (टोके पुढे वळलेल्या आधुनिक धनुष्यावर) चढवताच उजवीकडे जाऊ लागले, तर मुलाचा हात बिघडलेला नाही, धनुष्य बदलले आहे. लाकडी किंवा बांबूच्या बाणांत प्रत्येक काडी वेगळी असते, त्यामुळे बाटलीची चाचणी एकेका बाणावर करून सारखे झुकणारे बाण एकत्र बांधावेत.

डावीकडे जाण्याचे दुसरे कारण

स्पाइनवर खर्च करण्यापूर्वी डोळा तपासावा, कारण लक्षण अगदी सारखे दिसते. उजव्या हाताने खेचणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रभावी असेल आणि ते दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरत असेल, तर बाण उजव्या डोळ्याखाली असतो आणि नेम डाव्याने धरला जातो. परिणामी बाण डावीकडे जातो, तोही बऱ्यापैकी लांब. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवायला सांगावे आणि त्यातून दोन्ही डोळ्यांनी दूरची एखादी वस्तू पाहायला लावावी. मग एकेक डोळा झाकावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत जागेवर राहते तो प्रभावी डोळा.

फरक ओळखण्याची खूण अशी की डोळ्यामुळे डावीकडे गेलेला बाण लक्ष्यात सरळ घुसलेला असतो, तर ताठपणामुळे गेलेला सहसा तिरका असतो आणि रायझरवर ओरखडा सोडतो. डाव्या डोळ्यावर पट्टी लावून दहा बाण मारून पाहावेत. पुंजका मध्याकडे आला तर प्रशिक्षकांशी बोलून हात बदलायचा की पट्टी चालू ठेवायची हे ठरवावे. आठ-नऊ वर्षांच्या, नुकत्याच शिकू लागलेल्या मुलाचा हात बदलणे मला अधिक योग्य वाटते. दोन-तीन आठवडे अवघड जातात आणि मग मूल रुळते.

बाण रेस्टवरून पडणे, दोरीवरून निसटणे

ही तक्रार सर्वांत लहान मुलांची असते. दोरी अर्धी खेचली की बाण रेस्टवरून बाहेर पडतो. यात बाण बहुधा निर्दोष असतो. मूल पहिल्या आणि मधल्या बोटाने नॉक चिमटीत धरते, खेचताना दोरी वळते आणि बाण उचलला जातो. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत, आकड्यासारखी अडकवावी आणि नॉकच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवावी, हे शिकवले की सुटते. मध्ये छोटा विभाजक असलेला फिंगर टॅबही (दोरी खेचताना बोटांवर घालायची पट्टी) मदत करतो. फार आखूड धनुष्यात दोरीचा कोन अरुंद होऊन बोटे नॉकवर दाबली जातात, तेव्हा धनुष्याची लांबीही पाहावी.

नॉक दोरीवर कसे बसते हे मात्र बाणाचेच प्रकरण आहे आणि ते धोक्याचे आहे. बाण दोरीला लावून टोक खाली करून टांगावा. तो स्वतःच्या वजनावर लटकत राहिला पाहिजे आणि दोरीला बोटाने हलकी टिचकी मारताच सुटून पडला पाहिजे. टिचकी न मारताच पडला तर नॉक सैल आहे. असा बाण ऐन सोडण्याच्या क्षणी दोरीवरून निसटला, तर धनुष्य रिकामे सुटते आणि लिम्ब (धनुष्याचे लवणारे पाते) तडकू शकते. दोरीच्या मधल्या भागावर थोडा दोरा वाढवून गुंडाळावा किंवा नॉक बदलावे. दोन-तीन टिचक्यांनीही सुटला नाही तर नॉक घट्ट आहे आणि बाणाच्या उड्डाणात चढउतार येतात. दोन वेगवेगळ्या संचांतले बाण एकत्र झाले की ही गडबड हमखास होते.

नॉक दोरीवर बसवताना वेगळ्या रंगाचे पीस रायझरच्या विरुद्ध बाजूला, बाहेरच्या दिशेने यावे. मुले घाईत उलटे लावतात आणि मग पीस रेस्टला आपटते. प्रत्येक बाणाच्या वेळी मुलाने रंग स्वतः तोंडाने म्हणून लावावा, अशी सवय मी लावतो.

बाण आखूड पडणे आणि शाफ्टची निवड

बाण मध्यरेषेवर जातो पण खाली पडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा जड असतो. भरीव फायबरग्लासचे बाण स्वस्त आणि टिकाऊ म्हणून शाळांत सर्रास वापरले जातात. पाच-सात मीटरवर ते चालून जातात, पण दहा-बारा पाउंडांच्या धनुष्यातून पुढे त्यांना गती उरत नाही. मूल मग लक्ष्याच्या वर, कधी झाडाकडे नेम धरू लागते आणि त्याची उभी राहण्याची ढबच बिघडते. बाण बदलेपर्यंत मुलाला पुढे उभे करावे, लांबून मारण्याचा आग्रह धरू नये.

सुरुवातीला मी पातळ ॲल्युमिनियमचे बाण सुचवतो. त्यांवरचा चार अंकी आकडा स्पाइनचा नसतो. पहिले दोन अंक बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागात आणि पुढचे दोन नळीची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. १४१६ म्हणजे १४ चौसष्टांश इंच व्यास आणि १६ हजारांश इंच जाडी. या बाणांची स्पाइन वेगळी विचारून घ्यावी. ॲल्युमिनियम वाकते, पण वाकल्याचे दिसते. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर सोडून ढकलला की वाकलेला बाण डगमगत जातो. मुलाच्या हातात धोक्याची आधी सूचना देणारी वस्तू असलेली बरी. कार्बन हलका आणि मोठ्या आकड्यांच्या स्पाइनमध्ये सहज मिळतो, म्हणून फारच कमी ताण असलेल्या मुलांना तोच लागतो, पण त्याच्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक सरावापूर्वी आणि बाणावर बाण आदळल्यावर लगेच, मोठ्या माणसाने शाफ्टची दोन्ही टोके धरून, चेहऱ्यापासून लांब, हलकेच वाकवावी आणि कान द्यावा. करकर ऐकू आली, बोटाला खरखरीत लागले किंवा एका बाजूला जास्त वाकली, तर तो बाण पुन्हा दोरीला लावू नये. लाकडी बाणातही रेषेच्या दिशेने जाणारी भेग अशीच शोधावी.

पिसे काढून बाण मारून पाहण्याची चाचणी मोठ्या खेळाडूंना उपयोगी असते, मुलांवर मी ती करत नाही. त्यांची बोटे प्रत्येक वेळी वेगळी सुटतात, त्यामुळे बिनपिसांचा बाण एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जातो आणि पालक उगाच स्पाइन बदलत बसतात. सहा बाणांच्या नोंदी तीन-चार आठवडे ठेवल्या तर त्याहून अधिक खरे कळते.

बाद केलेला बाण भात्यात किंवा घराच्या कोपऱ्यात ठेवू नये, कारण मूल तो पुन्हा उचलतेच. नॉक आणि पॉइंट काढून घ्यावेत, शाफ्टवर चिकटपट्टी गुंडाळून ती मोठ्या माणसाने दोन ठिकाणी मोडावी आणि टाकून द्यावी. उरलेल्या बाणांवर पुढच्या मापाची तारीख मार्करने लिहावी. लहान मुलांसाठी ती तीन महिन्यांनंतरची असावी. त्या दिवशी पुन्हा लांब बाण, हलके धनुष्य आणि पेन घेऊन पाच-सहा खुणा कराव्यात आणि बॅगांच्या काट्याने ताण मोजून वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहावा.